फाटकावरचा डबा

"मामा, फाटकाजवळ काय वाजून राहिलं हो? कान फाटून जातील माझे!" नागपूरहून आलेली भाची प्रियंका दारातच म्हणाली.

गौतम मेश्राम खुशीत हसले. "म्हणजे मशीन चालू आहे. आम्हा म्हाताऱ्यांना ऐकू नाही येत ते. पोरासोरांनाच येते."

खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर ते राइट टाउनच्या या इमारतीत आले आणि सोसायटीचे सचिव झाले. कोचिंगची मुलं संध्याकाळी फाटकाच्या कट्ट्यावर अड्डा जमवत. त्यांना पिटाळायला गौतमरावांनीच उन्हाळ्यात हट्टाने, संध्याकाळभर कर्कश शिट्टी वाजवणारा तो डबा भिंतीवर लावून घेतला होता. आठवड्याभरात कट्टा ओस पडला. इमारतीत बहुतेक निवृत्त मंडळी. सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली.

"पण मामा, डब्याच्या वरच खिडकी आहे. लहान मुलीचे फ्रॉक वाळून राहिले तिथे. तिला त्रास नाही होत?"

गौतमरावांचं हसू मावळलं.

ती खिडकी दीपाची. तिची सात वर्षांची चिन्मयी बोलत नसे. उन्हाळ्यापासून संध्याकाळ झाली की ती किंचाळायची, भिंतीवर डोकं आपटायची. डॉक्टर झाले, झोपेचं औषध सुरू झालं. एकदा गौतमरावांनीच दीपाला जिन्यात थांबवून सुनावलं होतं, "लाडानं बिघडली पोरगी. जरा धाकात ठेव."

ते अनवाणीच खाली गेले. डब्याची वायर उपटली आणि दीपाची बेल वाजवली.

दारात उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. 'मला माहीत नव्हतं, बेटा' हे मात्र ओठांवर येईना. माहीत करून घ्यावंसं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

दीपाने मागे वळून खिडकीकडे पाहिलं.

"ती मला ओढून ओढून खिडकीपाशी नेत होती, काका. मला वाटे, जिद करते. तुम्ही म्हणाले ना, धाकात ठेव? मी मारलं तिला. लाटण्यानं मारलं. मारता मारता मीच म्हणत होती, चुप, एकदम चुप!"

"दीपा..."

"तुम्ही जा आता."

ते वळले नाहीत. त्यांना वळता आलं नाही.

आतून चिन्मयी आली, दोन्ही कान हातांनी घट्ट दाबून. दीपा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि तिचा एक हात हळूच खाली घेतला. चिन्मयी मान कलती करून ऐकत राहिली. दुसरा हात मात्र तिने काढू दिला नाही.