‘ताईला सांगू नका’

ताई हॉस्पिटलात मेट्रन होती. तिथे तीस नर्सेस तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या, आणि घरी दोन भाऊ नि एक बहीण. आई लवकर गेली, तेव्हापासून कुणी काय शिकायचं, कुठे नोकरी धरायची, सगळं ताईनंच ठरवलं. निवृत्तीनंतर तर तिला वेळच वेळ होता. रोज तिघांना फोन. तिघंही "बरं ताई" म्हणत आणि ती समाधानानं फोन ठेवी.

एका दुपारी मधला भाऊ तिच्याकडे जेवून सोफ्यावर आडवा झाला. त्याचा मोबाईल सारखा किणकिणत होता. आवाज बंद करायला म्हणून ताईनं तो उचलला; त्याला लॉक नव्हतं. वर ग्रुपचं नाव होतं, ‘ताईला सांगू नका’.

ताईनं चष्मा चढवला. चार वर्षांचं पुराण होतं! बहिणीनं बँकेतली नोकरी केव्हाच सोडून मातीची भांडी करायला घेतली होती. मधल्यानं ताईनं पसंत केलेलं कपाट विकलं होतं. धाकट्यानं एक अख्खी खोली पिवळीधमक रंगवली होती आणि ताई आली की त्या खोलीला कुलूप लावून "वाळवी लागलीय" म्हणून सांगत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भावाला गदागदा हलवायला ती उठली, तेवढ्यात पुढचं दिसलं.

"ताईच्या गोळ्या शुक्रवारी संपतात. कोण नेणार?"

"मी. आणि जिन्यातला दिवा गेलाय, तिला स्टुलावर चढू देऊ नका. सहज आल्यासारखं दाखवा."

"डोळ्यांचा डॉक्टर तिनंच निवडला असं वाटायला हवं. तीन नावं द्या, त्यातली दोन लांबची."

तो जवळचा डॉक्टर आपण किती तोऱ्यात निवडला होता! ताईला हसू आवरेना. त्या आवाजानं भाऊ जागा झाला आणि तिच्या हातात फोन बघून त्याचा चेहरा पडला.

"वाचलंस?"

"छे रे, चष्मा सापडेना मला."

चष्मा तिच्या नाकावर होता.

"चहा घेणार की कॉफी?" ताईनं विचारलं.

तो उठूनच बसला. असं तिनं आजवर कधी विचारलं नव्हतं.

"कॉफी," तो चाचरत म्हणाला.

तिनं कॉफी केली. साखरेचा डबा त्याच्यापुढे ठेवताना दोनदा ओठांवर आलेलं तिनं गिळलं. तिसऱ्यांदा काही जमलं नाही.

"एकच चमचा हं!"

त्यानं तिच्यादेखत दोन घातले. ताई बघत राहिली, मग स्वतःचा कप घेऊन त्याच्या शेजारी टेकली.