छत्री तेवढी दिसत होती

शुक्रवारी दुपारी आमच्या मिनाधू बेटावर कोणाला बुडायचं असेल, तर त्याला नमाज संपेपर्यंत थांबावं लागेल, असं मी पूर्वी गमतीनं म्हणायचे. आता म्हणत नाही.

त्या शुक्रवारी माझ्या गेस्टहाउसमध्ये दोनच पाहुणे होते, गर्टा आणि लेओ. ऑस्ट्रियातल्या कुठल्याशा डोंगरगावातलं म्हातारं जोडपं. सत्तरीला येईपर्यंत दोघांनी समुद्र पाहिलेला नव्हता. पोहता कोणालाच येत नव्हतं, आणि लेओच्या कमरेचं तर नुकतंच ऑपरेशन झालेलं. पण पुळणीवर जायचं, हा हट्ट. भर समुद्रात वर आलेला वाळूचा पांढरा पट्टा, त्यावर एक लाल छत्री आणि खाली आपण दोघं, असा फोटो त्यांनी घरूनच ठरवून आणला होता. सकाळी मस हुनी, म्हणजे मासा नि खोबरं, आणि रोशीची पोळी खाऊन, माझ्या डब्यांची बर्फाची पेटी घेऊन ते निघाले. माझा नवरा जाबिर पाहुण्यांना बोटीतून सोडून आला की दोन तासांनी आणायला जातो. गेले सहा महिने रोजचा धंदाच तो.

मी रस्सा उकळत ठेवला होता तेवढ्यात त्याचा फोन आला.

"नहुला, ऐक. ओरडू नकोस."

तो अशी सुरुवात करतो तेव्हा गोष्ट ओरडण्यासारखीच असते.

"पाहुण्यांना आणायलाच निघालो होतो, तर शेजारच्या उलिगिली बेटाच्या धक्क्यावरून लोकांनी हात केला. बाई अडलीय. तिथे एकही बोट नाही. तिला घेऊन हॉस्पिटलला चाललोय."

"आणि पाहुणे?"

"पुळणीवरच आहेत."

"या अल्ला! आधी त्यांना उचलायचं ना!"

"पुळण हॉस्पिटलच्या उलट्या दिशेला आहे गं. बाई किंचाळतेय, ऐकू येत नाही का तुला? अफीफबेबेला पाठव त्याची बोट घेऊन. आणि घाबरू नकोस. ती पुळण कधी बुडत नाही."

मागून खरंच किंकाळी ऐकू आली आणि फोन तुटला. अडलेल्या बाईला समुद्रात नाही म्हणता येत नाही, हे मलाही कळतं. माझा थोरला असाच बोटीत झालाय.

अफीफबेबेला, आमच्या गावच्या अफीफदादाला, फोन लावला तर बंद. बांग नुकतीच होऊन गेली होती. गावातले सगळे पुरुष मशिदीत, सगळ्यांचे फोन बंद. मी स्वतःची समजूत घातली, की एखादा तास तर आहे, छत्री आहे, पाणी आहे, बसतील गप्पा मारत. तरी जीव राहीना. लेओला फोन लावून पाहिला. तो वाजला, पण त्यांच्याच खोलीत, उशीपाशी चार्जिंगला लावलेला. रिकाम्या खोलीत तो वाजत राहिला.

मी मागच्या अंगणात गेले. तिथे आमची जोली आहे, जाळीची खुर्ची. पाहुण्यांसाठी ती पश्चिमेच्या वाळूवर मांडलेली असते आणि तिच्यापुढे ऐसपैस किनारा असतो. त्या दिवशी पाणी जोलीच्या पायांशी खेळत होतं. पुढची वाळू गेली होती.

यात नवल काही नव्हतं. वारा फिरला की आमच्या बेटाची वाळू एका अंगावरून दुसऱ्या अंगाला जाते, पोरं खेळायची जागा बदलतात. वारा परवाच फिरला होता. आदल्या रात्री चंद्रही पूर्ण होता, म्हणजे दुपारी उधाणाची भरती. मला एकदम जाबिरचं वाक्य आठवलं. ती पुळण कधी बुडत नाही! पाहुण्यांच्या हंगामात सहा महिने बुडत नाही, म्हणून कधीच बुडत नाही. उरलेले सहा महिने तो तिकडे फिरकतच नाही, तर त्याला कळणार कसं? अशी चूक आमचीच माणसं करू शकतात. इथल्या वाळूला पाय असतात हे त्यांना जन्मापासून ठाऊक असतं, पण पुळण मात्र आपण सोडू तिथेच थांबेल असं वाटतं.

मी चूल विझवली आणि धक्क्याकडे पळाले. बोटी ओळीनं बांधलेल्या, माणूस एकही नाही. मोठी बोट मला चालवता येत नाही. मग मशिदीकडे वळले.

दारात चपलांचा ढीग होता. आतून इमामांचा आवाज येत होता, नमाजाआधीचा खुतबा, म्हणजे प्रवचन, चालू होता. खुतब्यात कोणी तोंड उघडत नाही. लहानपणी मुलं कुजबुजली तर मीच त्यांना चिमटे काढायचे. आणि इमामही कोण, तर मी गेस्टहाउस काढलं तेव्हा याच जागेवरून उघड्या अंगाच्या पाहुण्यांबद्दल तीन शुक्रवार बोललेले. माझं नाव घेतलं नव्हतं, पण गावात गेस्टहाउस एकच होतं. माशाचा वास येणाऱ्या कपड्यांत मी पुरुषांच्या दारात उभी राहिले. अफीफबेबे दुसऱ्या रांगेत बसल्या बसल्या डुलकी घेत होता.

मनात दोनच गोष्टी येत होत्या. लेओला उठायला काठी लागते. आणि गर्टा त्याला सोडून कुठे जाणार नाही.

"इमामसाहेब," मी म्हणाले, "दोन माणसं बुडतायत."

आवाज थांबला. सगळ्या माना वळल्या.

"कोण?"

"माझे पाहुणे. दोघंही म्हातारे आहेत. पुळणीवर आहेत, जाबिर तिथे नाहीये."

इमामांनी माझ्याकडे पाहिलं. आता मला बाहेर काढतात असंच वाटलं.

"अफीफ," ते म्हणाले, "झोप झाली असेल तर ऊठ. त्याच्याबरोबर दोघं जा. बाकीचे बसा, गर्दीनं बोट चालत नाही. नमाज तुम्हाला नंतरही पढता येईल."

अफीफबेबे धडपडत बाहेर आला, घाईत एक चप्पल स्वतःची आणि एक दुसऱ्याची घालून. त्याचे दोन भाचे मागून पळत आले. मीही बोटीत चढले.

"तू कशाला?" तो म्हणाला.

"ते मलाच ओळखतात. तुझा अवतार बघून आणखी लांब पळतील."

"पळायला जमीन कुठेय त्यांना?" तो म्हणाला आणि मग त्याचाच चेहरा उतरला. त्यानं इंजिन होतं नव्हतं तेवढं ताणलं.

खडकांची रांग ओलांडली की डावीकडे पुळण दिसते. लांबूनच पांढरी रेघ चमकते. त्या दिवशी रेघ नव्हती. नुसतं निळं पाणी होतं आणि त्यात मधोमध एक लाल छत्री तेवढी दिसत होती. माणसं दिसेनात. छत्री वाळूत खोवलेली राहिली आणि माणसं गेली, असंच मला वाटलं. ऑस्ट्रियातल्या त्यांच्या मुलीला कुठल्या भाषेत काय सांगायचं, तो विचारही मी करून टाकला. मी रडतेय हे मला अफीफबेबेनं खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळलं.

"ती छत्री हलतेय गं," तो म्हणाला. "कोणीतरी धरलीय."

लेओ बर्फाच्या पेटीवर बसला होता, छातीभर पाण्यात. गर्टा त्याला पाठीमागून एका हातानं कवटाळून उभी होती आणि दुसऱ्या हातानं दोघांच्या डोक्यावर छत्री धरून होती. आम्हाला पाहून तिनं छत्री हलवली. दोघंही हसत होते.

भाच्यांनी उड्या मारल्या. लेओला उचलताना ती पेटी सुटली आणि माझ्या डब्यांसकट वाहत गेली. मी गर्टाला आत ओढलं, टॉवेल गुंडाळला, तिचे हात हातात घेतले. बर्फासारखे गार पडले होते. आमचं दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, पण माफी मागण्यापुरतं मला येतं. मी पुन्हा पुन्हा मागत होते.

"माफी कसली?" ती म्हणाली. तिचे दात वाजत होते. "शेवटी शेवटी भीती वाटली, खरं सांगते. पण आम्ही हेच तर बघायला आलो होतो."

"काय बघायला?"

"आमच्याकडे सगळे म्हणतात, ही बेटं बुडणार आहेत, बुडायच्या आधी जाऊन या. वाळू आमच्या पायाखालून जायला लागली तेव्हा लेओ म्हणाला, जाबिरनं मुद्दाम दाखवायला आणलंय. बेट कसं बुडतं ते. वेळ ठरवलेली असेल, येईल तो."

लेओनं मान डोलावली. त्याला चांगलं दाखवल्याबद्दल आभार मानायचे होते.

"काय म्हणतेय ती?" अफीफबेबेनं विचारलं.

"म्हणतेय, छान होतं," मी म्हणाले.

"छान? माझी जुम्म्याची नमाज गेली आणि हिला छान?"

तेवढ्यात जाबिरचा फोन आला. उलिगिलीच्या बाईला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. "पाहुणे ठीक ना? बघ, मी म्हटलं होतं ना?"

"तू घरी ये," मी म्हणाले. "मग सांगते."

मिनाधू जवळ आलं. नारळाच्या झाडांची एक पातळ रेघ, मशिदीचं टोक, आणि धक्क्यावर अख्खं गाव, नमाज आटोपून आलेलं. सगळ्यांच्या पुढे इमाम, हातात एक कोरडी चादर. पलीकडे माझी जोली दिसत होती. आता ती गुडघाभर पाण्यात उभी होती.

गर्टाही तिकडेच बघत होती. ती मघासारखी हसत नव्हती. तिनं माझा हात घट्ट धरला, आजारी माणसाचा धरतात तसा, आणि हळूच विचारलं, "तुमच्या घराला अजून किती वेळ आहे?"

तिकडे धक्क्यावर कोणीतरी माझं नाव घेऊन हाक मारत होतं.

"जेवण तयार आहे," मी म्हणाले. "फक्त रस्सा गरम करायचाय."