उजवं चाक

"डावंच चाक घरघरतंय," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी ओढून काढायच्या पुलरचे पंजे चाकाच्या मधल्या हबमागे अडकवले.

"बाबा, थांबा. मला उजवं वाटतंय," त्यांची लेक म्हणाली.

"तुला वाटतंय! तुझ्या जन्माआधीपासून ऐकतोय मी हे आवाज."

ते खोटं नव्हतं. गाडी दारात यायच्या आत ते तिचं दुखणं सांगायचे. लोक त्यांना कानसेन म्हणत आणि मिस्त्रींना ते गोड लागे. पण आज कौतुकाची वेळ नव्हती. गाडी जुनीपुराणी, तिचं मागचं बेअरिंग शोधताना नाकीनऊ आलेले, आणि शेवटी मिळालं ते एकच. हब ओढलं की आतलं बेअरिंग कामातून जातं. म्हणजे चाक चुकलं तर चांगलं बेअरिंग ओढायचं, नवं त्याच्या जागी घालायचं आणि खराब तसंच ठेवून गाडी द्यायची! संध्याकाळी गाडीच्या मालकीण नर्सबाई याच गाडीतून आपल्या आईला घेऊन घाट उतरणार होत्या. उतारावर बेअरिंग फुटलं तर चाकच निखळायचं.

"गाडी डावीकडे वळवली की घरघर वाढते," लेक म्हणाली. "तेव्हा भार उजव्या चाकावर येतो ना?"

"मला शिकवू नकोस."

"मागच्या गाडीचं डावं, त्याआधीच्या जीपचंही डावं. सगळ्यांचं डावंच कसं जातं हो? आणि जीप तर तीच घरघर घेऊन परत आली."

मिस्त्रींनी पान्याला जोर लावला. लेक त्यांच्या उजव्या खांद्याशी वाकून हळूच म्हणाली, "बाबा." त्यांचा हात चालूच राहिला. ती वळसा घालून डावीकडे आली आणि तितक्याच हळू म्हणाली, "बाबा."

त्यांनी मान वर केली. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून पाना खाली ठेवला.

"कधीपासून?" लेकीनं विचारलं.

"थंडीपासून. सगळं डावीकडूनच ऐकू येतं बघ." त्यांनी हात फडक्याला पुसले. "कानसेनचा कान गेला म्हटल्यावर कुत्रं तरी फिरकेल का इकडे?"

लेकीला रडू आलं आणि रागही आला. ती उजवं चाक हाताने फिरवू लागली. मिस्त्री उकिडवे बसले आणि त्यांनी तिथल्या स्प्रिंगच्या पाट्यावर तळवा टेकवला. वाळू दळावी तशी खरखर हाताला लागली. डावं हब अजून जागचं हललं नव्हतं; ते फिरवून पाहिलं तर तिथे तसं काहीच नव्हतं.

"तुझंच बरोबर," ते म्हणाले. "घे पुलर इकडे."

उजवं बेअरिंग निघालं ते खड्डे पडलेलं, गोळ्या काळ्या पडलेल्या. नवं बसवून लेकीनेच गाडी वळणावळणाने फिरवून आणली आणि घरघर थांबल्याचं सांगितलं.

संध्याकाळी नर्सबाई आईला घेऊन आल्या. मिस्त्रींच्या उजव्या बाजूला उभ्या राहून त्यांनी काहीतरी विचारलं. एरवी ते नुसतं हसून मान हलवायचे.

"बाई, या बाजूनं बोला," ते म्हणाले. "तो कान गेलाय माझा. आणि गाडीचं हिला विचारा, दुखणं हिनं ओळखलं."

नर्सबाई त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या आणि गाडी घाट नीट उतरेल ना, हा तोच प्रश्न त्यांनी पुन्हा, जरा मोठ्याने, दोघांनाही विचारला.