मशीन अप्पारावच म्हणतंय

प्रश्न १. गावाच्या पाण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीची असावी.
सहमत / तटस्थ / असहमत

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मोडली आहेत, म्हणून माऊस डाव्या हातात आहे. शेजारच्या खुर्चीत भुजंग. माझा मावसभाऊ. बोटं त्यानेच मोडली.

नाही, आधीचं सांगायला हवं.

ऑक्टोबर २००९. उद्या मतदान. आष्टीच्या बाजारात माझं इंटरनेटचं दुकान, तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेने वेबसाइट काढली होती. वीस प्रश्नांची उत्तरं द्यायची, मग ती सांगते कोणता उमेदवार तुमच्या विचारांच्या जवळचा. वाचता न येणाऱ्यांसाठी मी प्रश्न वाचायचो, बटण दाबायचो, कागद छापून द्यायचो. पंधरा दिवसांत ऐंशी जण येऊन गेले. प्रत्येकाला सांगायचो, मशीन कुणाच्या बाजूचं न्हाई.

आमच्याकडे चारचौघांत कोणी आपलं मत सांगत नाही, आणि दुकानात कायम चार माणसं उभी. बांगड्या विकणारी चाँदबी दिवसभर बोलते. पण प्रश्न विचारला की मागे बघायची. "तुमीच टाका भैया. तुमच्या मनानं."

जवळजवळ सगळे तेच म्हणायचे. माझ्या मनाचं टाकणं बेइमानी झाली असती. मी तटस्थ दाबायचो.

बहुतेकांना अप्पाराव निघाला. मला वाटलं, गावाच्या मनातच तो असेल. बाजारभर झालं: मशीन अप्पारावच म्हणतंय.

अप्पारावच्या विरोधातला उमेदवार तातेराव. त्याची माणसं दुपारी आली. शिवाजी, कचरू आणि भुजंग. शटर अर्धं खाली ओढलं. भुजंग जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये कामाला. हातात तिथलीच सळई.

"दादा, अप्पारावनं काय देल्लं तुला?"

मारायला आला तरी दादाच म्हणाला.

"काही न्हाई. मशीन कुणाच्या..."

सळई कीबोर्डवर पडली. बटणं दातांसारखी उडाली. पुढचा वार हातावर. मग शिवाजीने माझं तोंड टेबलावर आपटलं. एकदा. थांबला, केस नीट पकडले, पुन्हा.

"मारून काय कळतंय?" कचरू म्हणाला. "भुजंग, तू बस. तू तर आपला हायेस. बगू तुला कोण सांगतंय."

मी दुसरा कॉम्प्युटर लावला.

प्रश्न १.
भुजंगने मागे पाहिलं. दोघं उभे होते.
"टाक तुझ्या मनानं."
तटस्थ.

प्रश्न २.
"टाक ना. मला काय इचारून राह्यला."
तटस्थ.

प्रश्न ५. कंत्राटी कामगारांना कायम करावं.
भुजंगचे ओठ हलले. सहा वर्षं कंत्राटावर आहे. कंत्राटदार तातेरावचा मेव्हणा. मागे कचरू खाकरला.
"तुझ्या मनानं, दादा."

९ १० ११ १२ तटस्थ तटस्थ माऊसवर रक्त तटस्थ बोट घसरतं तटस्थ

प्रश्न २०.

अप्पाराव.

तेव्हा मी पहिल्यांदा खालची बारीक ओळ वाचली. अप्पाराव पन्नास गुण. तातेराव पन्नास गुण. समान गुण असल्यास नावे अकारविल्हे.

अ आधी येतो, एवढंच. ही ओळ ऐंशी कागदांवर होती, आणि सगळे कागद माझ्या हातून गेले होते.

प्रिंटर सुरू झाला.

"तू बी?" शिवाजी म्हणाला.

कचरूने सळई घेतली. भुजंगच्या गुडघ्याचा आवाज माझ्या बोटांपेक्षा मोठा आला. तो खुर्चीसकट आडवा झाला. शिवाजीने बरगडीत लाथ घातली, मग त्याच जागी पुन्हा.

"दादा, सांग यान्ला. मशीन खोटं हाय म्हण. दादा."

मला ते दाखवता येत होतं. स्क्रीनवर बोट ठेवायचं, दोन्ही पन्नास वाचायचे. भुजंगचा दुसरा गुडघा वाचला असता. संध्याकाळपर्यंत ऐंशी माणसं कागद घेऊन माझ्या दारात आली असती, मतदानाच्या आधी. यायलाच हवी होती.

कचरू माझ्याकडे वळला. "काय रे धर्मराज, बराबर सांगतंय का हे?"

भुजंग जमिनीवरून माझ्याकडे बघत होता. माझी बोटं सुजून एक झाली होती.

मी डाव्या हाताने कागद ओढला आणि कचरूला दिला.

"मशीन कुणाच्या बाजूचं न्हाई."

त्याने कागदाची घडी करून खिशात घातली. मग सळई दोन्ही हातांनी धरली.