दोऱ्यांवरून आखलेली हद्द

धुलाईवाल्यांच्या वस्तीत त्याला सगळे कडककाका म्हणत. स्वभावावरून नव्हे, स्वभावाने तो अगदी लोणी होता. पण त्याच्या हातची इस्त्री अशी बसायची की शर्ट एकटा टेबलावर उभा राहील, म्हणून कडक. हात थरथर कापायला लागल्यापासून इस्त्री सुटली, नाव मात्र सुटलं नाही.

वस्ती कालव्याच्या काठी होती, आणि कडककाका राहत होता मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, एका जुन्या घराच्या तळमजल्यावरच्या खोलीत. बायकोच्या छातीला भट्टीचा धूर आणि सोड्याची वाफ सोसेना. डॉक्टर म्हणाले, जागा बदला. म्हणून दोघं रस्ता ओलांडून आली. वस्ती तेव्हा हसली होती. "राणीसाहेबांना वाफ बाधते," असं थोरली वहिनी म्हणाली होती. तरी कडककाका रोज सकाळी रस्ता ओलांडून थोरल्या भावाच्या छपराखाली इस्त्रीला उभा राहायचा, त्यामुळे तुटलं असं काही नव्हतं. मग हात कापायला लागले. मग बायको गेली. रस्ता होता तेवढाच रुंद राहिला, पण ओलांडायला कारण उरलं नाही.

त्याच्याकडे माणसं येत ती निवडणुकीला. पुतण्या, म्हणजे थोरल्याचा मुलगा, चौघांना घेऊन यायचा, खाटेवर गुडघ्याला गुडघा लावून बसायचा आणि म्हणायचा, "काका, आपल्या माणसावर लक्ष असू द्या." थोरला दारात उभा राहून खोकायचा. मतदानाच्या दिवशी हाताला धरून न्यायचे, आणि परत येताना वहिनी जेवल्याशिवाय सोडायची नाही. मत कुणाला दिलं ते कडककाका विसरायचा. जेवण मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरायचं.

त्या काळात वस्ती मधोमध चिरलेली होती. कालव्याकडचा भाग एका वॉर्डात, रस्त्याकडचा भाग दुसऱ्यात, आणि कडककाकाची खोली या दुसऱ्यात. कपडे धुण्याच्या हौदाला पाणी नाही म्हणून तक्रार केली की एक नगरसेवक दुसऱ्याकडे बोट दाखवायचा, दुसरा पहिल्याकडे. अखेर पालिकेने जाहीर केलं की वॉर्ड नव्याने आखायचे आहेत, आणि एका वस्तीची माणसं एकाच वॉर्डात राहतील असं बघायचं आहे. तुमची वस्ती कुठून कुठपर्यंत, ते तुम्हीच दाखवा.

पुतण्याने डोकं लढवलं. अधिकारीबाई पाण्याच्या टाकीवर चढून सगळा भाग बघणार होत्या. तो वस्तीला म्हणाला, "त्या सकाळी आपल्या प्रत्येक दोरीवर पांढरी चादर दिसली पाहिजे. आपल्या दोऱ्या जिथवर, तिथवर आपण."

यात काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही. धुलाईवाल्याला आपलं घर विचारा, तो आधी वाळवणाची जागा दाखवेल.

कडककाकाला कुणी काही कळवलं नव्हतं. गाठोडं घेऊन जाणाऱ्या एका बाईला त्याने विचारलं तेव्हा कळलं. त्याने घरातली एकुलती एक चादर धुतली, नीळ दिली, अगदी पूर्वीसारखी झटकली. पण दोरी कुठे होती? खिडकीच्या गजांनाच त्याने चादर बांधली. खिडकी मागच्या बोळात उघडायची. टाकीवरून तो बोळ दिसत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी दुपारपर्यंत त्याने ती काढली नाही.

नकाशा पालिकेच्या भिंतीवर लागला आणि कडककाका बघायला गेला. लाल रेघ वस्तीला छान वळसा घालून आली होती. एका ठिकाणी ती रस्ता ओलांडून औषधवाल्याचं घर पोटात घेऊन परत फिरली होती. कारण सरळ होतं. औषधवाल्याची गच्ची वस्तीने वाळवणासाठी भाड्याने घेतली होती, आणि त्या सकाळी ती चादरींनी पांढरीशुभ्र झाली होती. औषधवाल्याच्या पुढे उंच नवी इमारत, आणि तिच्या पुढे कडककाकाची खोली. तिथे रेघेचा मागमूसही नव्हता. कडककाकाने बोट लावून पुन्हा एकदा बघितलं, न जाणो, म्हणून.

त्याने हरकत नोंदवली. औषधवाल्यानेही नोंदवली.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. वस्ती सगळी नटूनथटून आली होती. पुढच्या रांगेत पुतण्या, त्याच्या शेजारी थोरला, मग वहिनी. कडककाका मागच्या बाकावर बसला. वहिनीने वळून बघितलं आणि हसली. "भावजी, वाळलात हो."

"वाळवणारच तुम्ही लोक," कडककाका म्हणाला, आणि आजूबाजूचे हसले. त्या हसण्याने त्याला बरं वाटलं.

आधी औषधवाला उठला. "मॅडम, माझ्या बापजाद्यांनी कधी रुमाल धुतला नाही! गच्ची भाड्याने दिली म्हणून मी धुलाईवाला झालो का? उद्या खाली बँकेला गाळा दिला, तर मी बँक होईन का?"

"कर्ज तरी देशील!" मागून कुणीतरी ओरडलं.

अधिकारीबाईंनी टेबलावर पेन आपटलं आणि कडककाकाला बोलावलं. "तुमची हरकत काय, आजोबा?"

"मला आत घ्या."

"म्हणजे यांना बाहेर जायचंय, तुम्हाला आत यायचंय. घरं बदलून टाका ना आपापसात." सभागृह हसलं, त्याही हसल्या. मग नकाशावर वाकल्या आणि त्यांचं हसू मावळलं. "तुमच्यापर्यंत यायचं तर मधली इमारत ओलांडता येणार नाही. घरं सलग लागतात. ती इमारतही आत घ्यावी लागेल. तिथे माणसं किती राहतात?"

पुतण्या हळूच म्हणाला, "वस्तीपेक्षा जास्त."

आता कुणी हसलं नाही. इमारत आत आली की वस्तीच्या वॉर्डात वस्तीच अल्पसंख्य. नगरसेवक त्यांचा, हौद यांचे कोरडे. एवढा खटाटोप केला तो पाण्यात.

"औषधवाल्यांना एकट्याला आत ठेवण्यात अर्थ नाही. दोनच मार्ग आहेत," बाई म्हणाल्या. "अख्खी रांग आत, नाहीतर रस्त्यावरून सरळ रेघ. वस्तीचं म्हणणं काय?"

पुतण्याने बापाकडे बघितलं. थोरल्याने पंख्याकडे. वहिनी बोटातली अंगठी फिरवत बसली. कडककाका टेबलापाशी उभा होता, हात कापताना दिसू नयेत म्हणून त्याने ते पाठीमागे धरले होते. त्याला हौदाचं कळत होतं. त्या हौदात त्याचं आयुष्य गेलं होतं. कुणी उठून म्हणालं असतं की काका आमचे आहेत, त्यांना घ्या, तर त्यानेच त्याला खाली बसवलं असतं, वेडा आहेस का म्हणून. पण तेवढं कुणीतरी म्हणावं असं त्याला वाटत होतं. एकदा म्हणावं, मग बसावं.

पंखा गरगरत राहिला. थोरल्याने घसा खाकरला. कडककाकाने मान वळवली. थोरला नुसता खोकला होता.

"रस्त्यावरून घ्या, बाई," कडककाका म्हणाला. "सरळ दिसेल."

"हरकत मागे घेताय?"

"हो. मी उगाच आपला आलो."

बाईंनी नकाशावर पट्टी ठेवली. वस्तीने टाळ्या वाजवल्या. पुतण्या धावत आला, त्याने काकाचे दोन्ही खांदे धरले. "काका, मोठं मन तुमचं! या आता घरी, सगळे जमणार आहेत."

"येतो की, मागाहून," कडककाका म्हणाला. "चला तुम्ही पुढे."

ते पुढे गेले. खरोखरच गेले, टेम्पोत दाटीवाटीने बसून, आरडाओरडा करत.

परतीच्या वाटेवर औषधवाला त्याच्या बरोबरीने चालत होता. तो खुशीत होता. "सुटलो बुवा! तुमच्यामुळे काम झालं. म्हणजे आता आपण एकाच वॉर्डात. बरं, तुम्ही राहता कुठे?"

"तुमच्या पलीकडे इमारत, तिच्या पलीकडे."

"असं? नवीन आलात का?"

कडककाकाने सांगितलं की बायकोच्या औषधासाठी तो त्याच्याच दुकानात उभा राहत असे, कितीतरी वर्षं. औषधवाला म्हणाला, असेल असेल, गर्दी असते हो, आणि दुकानाची पायरी चढला.

निवडणूक आली. हौदांची दुरुस्ती सुरू झाली होती आणि पुतण्या स्वतःच उभा राहिला होता. प्रचाराची फेरी वस्तीतून वाजतगाजत रस्त्याच्या कडेपर्यंत आली. कडककाका दारात खुर्ची टाकून बसला होता. पुतण्याला तो दिसला. त्याने हात वर केला, तोंडाने काही बोलला, पण मध्ये गाड्या होत्या, ऐकू आलं नाही. कडककाकानेही हात वर केला. मग फेरी कडेकडेने वळून परत गेली. तिला या बाजूला काही काम नव्हतं.

संध्याकाळी इकडच्या उमेदवाराची माणसं आली. कडककाका लगबगीने उठला, खाटेवरची चादर सारखी केली, स्टोव्हवर आधण ठेवलं.

"आजोबा, घरात मतं किती?" त्यांच्यातल्या एकाने उंबऱ्याबाहेरून विचारलं.

"एकच. या ना आत, चहा ठेवलाय."

"पुन्हा कधीतरी," तो म्हणाला आणि इमारतीकडे वळला. तिथे मतं भरपूर होती.

आधण उकळत होतं. कडककाकाने पातेल्यातलं पाणी थोडं ओतून कमी केलं, एकट्यापुरतं ठेवलं आणि त्यात चहापूड टाकली.