पाण्याच्या दिवशीचा आरसा

पुण्याहून हिमांशूचा सकाळी सकाळी फोन आला आणि भानुमतीचा चहा तसाच निवत राहिला. "ताई, काल संध्याकाळी साफसफाई करताना माझ्या हातून मराठवाड्याच्या विहिरींच्या नोंदींचा अख्खा फोल्डर उडाला. तुमच्याकडे आहे ना?"

भूजल अभ्यास मंडळाची मुख्य वेबसाइट पुण्यात होती आणि तिची हुबेहूब जुळी औरंगाबादेत, क्रांती चौकाजवळच्या ऑफिसातल्या एका कॉम्प्युटरवर. तिला सगळे आरसा म्हणत. पुण्याची साइट बंद पडली तर लोकांनी ही उघडायची. भानुमतीनेच ती उभी केली होती आणि पोटच्या पोरासारखी सांभाळली होती. पण आरसा तो आरसाच! रोज पहाटे पुण्यात जे असेल ते इथे उतरायचं आणि पुण्यात जे पुसलं असेल ते इथूनही जायचं. नोंदींची वेगळी प्रत? ती औरंगाबादेत असेल असं पुण्याला वाटत होतं आणि पुण्यात असेल असं औरंगाबादला. मूळ कागद वाळवीने केव्हाच फस्त केले होते.

एरवी हळहळून भागलं असतं. पण वर्ष दुष्काळाचं होतं, गंगापूरकडे टँकर सुरू व्हायचे होते आणि मागच्या दुष्काळांत कुठल्या विहिरी मे महिन्यापर्यंत टिकल्या, हे त्या नोंदी पाहून आजच तहसीलला कळवायचं होतं. नाहीतर टँकर कोरड्या विहिरीवर जाऊन उभे राहणार आणि गावोगावी बायका हंडे घेऊन ताटकळणार.

भानुमतीला एकच आशा होती आणि तीही चमत्कारिक. आज बिल्डिंगच्या नळाला पाणी येण्याचा दिवस होता. शहर चहूबाजूंनी फुगलेलं, पाणी मात्र चार-पाच दिवसांतून एकदा, तेही पहाटे. पाणी वर चढवणाऱ्या मोटारीचा सॉकेट जळलेला. म्हणून बिल्डिंग सांभाळणाऱ्या कडूबाई झाडलोटीसाठी दिलेल्या किल्लीने ऑफिस उघडायच्या, आरशाचा प्लग उपटायच्या आणि तिथे मोटार लावायच्या. भानुमतीने हे पाहिलं तेव्हा त्यांना असं फैलावर घेतलं होतं की वरच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली होती. आज पहाटेही त्यांनी न ऐकता प्लग काढला असेल, तरच फोल्डर आरशात उरला असणार.

तिने कडूबाईंना फोन लावला. "कडूबाई, आज प्लग काढला होतात का?"

"नाय हो ताई! देवाशपथ हात नाय लावला. तुम्ही बोलल्यापासून तिकडं बघत बी नाय."

कुणाच्या आज्ञाधारकपणाचा भानुमतीला आयुष्यात इतका राग आला नव्हता. तरी राहवेना, म्हणून रिक्षा करून ती ऑफिसला पोहोचली आणि धाडकन दार उघडलं.

मोटारीची वायर गुंडाळून काखेत मारलेली, आरशाचा प्लग हातात, अशा कडूबाई सॉकेटपुढे ओणव्या होत्या.

"थांबा!" भानुमती किंचाळली. कॉम्प्युटर सुरू झाल्याबरोबर आरसा राहिलेलं काम आधी उरकायचा आणि मग होतं नव्हतं ते सगळं गेलं असतं.

"खाली पडला व्हता ताई, मी नुसता उचलला," कडूबाई कशाबशा म्हणाल्या.

भानुमतीने आधी इंटरनेटची वायर उपटली, मग तो प्लग हळूच त्यांच्या हातून घेऊन लावला. कॉम्प्युटर कुरकुरत उठला. फोल्डर जागच्या जागी होता. लासूर स्टेशन, गंगापूर, सगळ्या विहिरी आपापल्या पाण्यासकट. तिला रडू फुटलं आणि ते तिने पुसलंही नाही. नोंदी दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवल्या, लॅपटॉपवरून पुण्याला पाठवल्या आणि टिकाऊ विहिरींची नावं तहसीलला कळवली. तिकडून "मिळाली" असा निरोप आल्यावर कुठे तिने श्वास सोडला.

हिमांशूने फोनवर विचारलं, "ताई, पण वाचलं कसं?"

"आमच्या कडूबाईंनी वाचवलं," ती म्हणाली. दारात उभ्या कडूबाईंचा चेहरा आपलं नाव ऐकून आणखीच उतरला. ते पाहून भानुमतीला आपल्या त्या दिवशीच्या आवाजाची लाज वाटली. फोन ठेवून ती त्यांच्याजवळ गेली.

"तुम्ही प्लग काढलात म्हणून सगळं राहिलं, कडूबाई. त्या दिवशी मी उगाच तेवढं बोलले. चुकलं माझं."

हे रागावणं नाही अशी खात्री पटल्यावर कडूबाईंनी पदराने घाम पुसला आणि तिथेच बसकण मारली.

"मंग सांगूनच टाकते ताई, लई दिवस जीव टांगणीला हाय. तुम्ही बोलल्यापासून एक बी खेप चुकवली नाय. दर पाण्याला प्लग मीच काढते."