मोधीने न प्यायलेला कहवा

वाळूच्या टेकड्या रोज जागा बदलायच्या, पण माणसं दिलेला शब्द बदलत नसत, त्या काळातली ही गोष्ट. अरबस्तानातल्या नज्दच्या वाळवंटात एका जुन्या विहिरीभोवती एका कुळाचे काळे तंबू उतरले होते. एके सकाळी पोहरा विहिरीत सोडला तो कोरडाच वर आला. पुन्हा सोडला, तर तळाच्या दगडावर आपटल्याचा आवाज आला. आदल्या संध्याकाळी उंटिणी पोटभर प्यायल्या होत्या, आणि आता तळाशी ओलसुद्धा नव्हती.

"उद्या पहाटे तंबू उतरवायचे," कुळाचा शेख तर्राद म्हणाला. "मशकांत आहे ते पाणी पुढच्या विहिरीपर्यंत पुरेल. इथे बसलो तर तेही संपेल."

ते ऐकून मोधीने आपल्या तंबूकडे पाहिलं. तिची आई कालच बाळंत झाली होती आणि तापाने फणफणली होती. उंटावरच्या हौद्यात ती वाटेतच जाईल हे सगळ्यांना दिसत होतं.

"आम्ही मागे राहतो," मोधीचा बाप नायिफ म्हणाला.

"आणि प्याल काय? वारा?" तर्राद म्हणाला. तो नायिफचा थोरला भाऊ. त्याच्या बोलण्यात काटा असायचा, पण तो खोटं बोलत नसे.

मोधी विहिरीच्या काठावर ओणवी झाली. खालून बारीक आवाज येत होता, लहान मूल मुसमुसल्यासारखा.

"काका, खाली कोणीतरी रडतंय."

"म्हणून तर खाली कोणी उतरत नाही, पोरी. तिथे रडणारी माणसं नसतात."

"मग मी उतरते. दोर तेवढा धरा."

"अगं, भीती नाही वाटत तुला?"

"वाटते. पण उद्या आईला हौद्यात बसवताना याहून जास्त वाटेल."

नायिफने दोर लेकीच्या कमरेला बांधला, गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली.

तळाशी दगडाच्या भिंतीत बकरीच्या केसांचा पडदा लटकत होता. पडद्याबाहेर थांबून मोधी म्हणाली, "घरात कोण आहे? पाहुणी आलीय."

"आत ये," बाईचा आवाज आला.

आत त्यांच्यासारखाच तंबू होता, फक्त चुलीतला जाळ निळा होता. चुलीपाशी बसलेल्या बाईच्या झग्याखालून गाढवाचे खूर दिसत होते. ती जिन्नीण होती. तिच्या पाठीमागे विहिरीचं सगळं पाणी भिंतीसारखं उभं होतं. मांडीवर एक लहानगी मुसमुसत होती. तिच्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं.

जिन्निणीचे डोळे रागाने लाल होते, तरी हात कॉफीच्या किटलीकडे गेले. पाहुण्याला कहवा दिल्याशिवाय कशाला आलास म्हणून विचारायचं नाही, ही रीत रागावलेल्यालाही पाळावी लागते. तिने पेला भरून पुढे केला.

मोधीची जीभ वाळल्या कातड्यासारखी झाली होती. तिने उजव्या हाताने पेला घेतला आणि न पिता समोरच्या चटईवर ठेवला.

जिन्निणीच्या कपाळाला आठी पडली. पाहुण्याने पेला असा ठेवला म्हणजे त्याला काही मागायचं असतं, आणि ते मान्य होईपर्यंत तो पीत नाही. ज्याच्या घरी पाहुण्याचा पेला तसाच गार होतो, त्याला वाळवंटात तोंड दाखवायला जागा उरत नाही.

"कोणी शिकवलं तुला हे?"

"आमच्यात असंच करतात, खाला," मोधी मावशीला म्हणावं तसं म्हणाली.

"तुम्ही आमच्याकडूनच उचललंत ते. बोल, काय हवंय?"

"पाणी परत दे."

"आणि माझ्या लेकीचा पाय कोण परत देणार?" जिन्निणीने फडकं सोडलं. पाऊल फोडांनी भरलं होतं. "काल वरून उकळता गाळ ओतला कोणीतरी. 'घरवाल्यांनो, बाजूला व्हा' एवढं म्हणायला जीभ झिजते का तुमची? कोण होता तो?"

कुळातलं शेंबडं पोरही जमिनीवर गरम काही ओतण्याआधी, खालच्या जिन्नांना सावध करायला, हे शब्द म्हणायचं. पण काल, मुलगी झाल्याची हाक आली तेव्हा, नायिफच्या हातात कहव्याची किटली होती. त्याने ती तशीच वाळूत उपडी केली आणि तो धावत सुटला. मोधीने डोळ्यांनी पाहिलं होतं.

'मला काय ठाऊक' हे शब्द तिच्या ओठांवर आले. समोर पेला होता. ती म्हणाली, "माझे बाबा. मला बहीण झाली, त्या आनंदात म्हणायचं विसरले."

"म्हणजे तुमच्या घरी आनंद आणि माझ्या घरी फोड."

"हो, खाला."

दुसरं काय म्हणणार?

"मग बस तशीच," जिन्नीण म्हणाली. "मला घाई नाही."

मोधी बसली. लहानगी पुन्हा कण्हायला लागली, तशी मोधी तिच्याजवळ सरकली आणि फोडांवर हलकी फुंकर घालत राहिली. "तुला गंमत सांगू? शहरातला एक व्यापारी आमच्याकडे आला होता. पुरे झालं की पेला हलवून परत द्यायचा, हे बिचाऱ्याला माहीतच नाही. काका ओततोय, हा पितोय. नको म्हणायची लाज. पोट नगाऱ्यासारखं झालं. शेवटी उठून पळाला तो अजून पळतोच आहे."

लहानगी खुदकन हसली. मग मोधीकडे निरखून बघत म्हणाली, "आई, हिचे ओठ बघ कसे फाटलेत. आपल्याकडे एवढं पाणी, आणि ही आपल्या घरात तहानलेली."

जिन्निणीने पेल्याकडे पाहिलं. त्याची वाफ केव्हाच विरली होती.

"पी, पोरी," ती म्हणाली. "पाणी सोडते. पण ते टिकायला हवं असेल, तर ज्याची चूक त्याने स्वतः यावं. लेकीच्या आड लपू नये."

"येतील ते," मोधी म्हणाली. बापाने आजवर सख्ख्या भावापुढेही 'चुकलो' म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं. तरी तिने पेला एका घोटात रिकामा केला आणि हलवून परत दिला. थंडगार कडू कहवा तिला मधासारखा लागला.

दोर वर ओढला तेव्हा तिच्या टाचांमागे पाणी चढत होतं. अर्ध्यावर येऊन ते थांबलं आणि थरथरत राहिलं.

मोधीने सगळं सांगितलं. तर्राद म्हणाला, "नायिफ आणि माफी? त्याआधी उंटाला शिंगं फुटतील."

नायिफचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात तंबूतून तान्ह्या बाळाचं बारीक रडणं आलं, आणि तसंच रडणं विहिरीतूनही आलं. नायिफ दोन्ही ऐकत उभा राहिला.

"फार भाजलाय का गं तिचा पाय?"

"हो, बाबा."

"केवढी आहे?"

"माझ्या कमरेला येईल एवढी."

नायिफने स्वतः बिया भाजल्या, कुटल्या, कहवा उकळला. भरलेला पेला त्याने पोहऱ्यात ठेवला. डोक्याच्या रुमालावरची काळी दोरी काढून माफी मागणाऱ्यासारखी गळ्यात घातली आणि सगळ्या कुळासमोर विहिरीवर वाकला.

"घरवाल्यांनो, मी नायिफ. चूक माझी. तुमच्या लेकीला माझ्या हातून भाजलं. मलाही लेकी आहेत."

पोहरा खाली गेला. दोर ढिला पडला आणि तसाच राहिला. खाली कहवा गार होत असणार हे प्रत्येकाला कळत होतं.

मग नायिफच्या हातातला दोर हलला, या बाजूला, त्या बाजूला, तृप्त पाहुण्याने पेला हलवावा तसा.

पोहरा वर आला तो काठोकाठ भरून, आणि पाण्यावर रिकामा पेला तरंगत होता. खाली पाणी जुन्या खुणेपर्यंत चढलं होतं.

पहिला घोट आईला दिला. सावकाश पिऊन तिने डोळे उघडले. "कुठून आणलंस गं एवढं गार पाणी?"

"शेजारून," मोधी म्हणाली.